कागद चिकटवलेल्या तबकड्यांबाबत

ज्यांच्या ऐकण्याच्या खोलीला ग्रंथालयाने कुलूप ठोकले, ज्यांनी जन्मभर जमवलेल्या गाण्यांच्या तबकड्या भंगाराच्या हातगाडीवर गेल्या, त्या शनिवारच्या सर्व मंडळींनो, राहिलेल्यांनो आणि सोडून गेलेल्यांनो! हे मृत्युपत्र तुम्हा सर्वांसमोर मोठ्याने वाचले जावे. मी, छापखान्यात खिळे जुळवण्यात हयात घालवलेली आणि चौकातल्या सभांत घसा फोडलेली बाई, हे कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणणारे थकून गेले. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गोंधळ आहे तो तबकड्यांचा. त्यावर त्यांच्याकडे औषध नाही.

कलम १. दोन खोल्या आणि मागची गॅलरी माझ्या भाच्याला, म्हणजे कैलासवासी धाकट्या बहिणीच्या मुलाला. गॅलरीचे दार ओल धरते. त्याला खांद्याने ढकलावे. शिव्यांनी ते उघडत नाही, मी देऊन पाहिल्या आहेत.

कलम २. बँकेतली ठेव निम्मी भाच्याला, निम्मी छापखान्यातल्या कामगारांच्या मुलींच्या शिक्षणाला. थोरल्या भावाला ठेवीतले काही नाही. धाकटीच्या गाण्याला तो रडगाणे म्हणत असे, आणि तिला शेवटचा निरोप देतानाही मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत उभा होता. त्याला माझे भिंतीवरचे घड्याळ द्यावे.

कलम ३. पुस्तके आणि हस्तलिखितांची छायाचित्रे राहिलेल्या मंडळींना. ग्रंथालयाला चिठोराही नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणी नवखे असेल तर सांगते: आठ-नऊशे वर्षांपूर्वी दक्षिण फ्रान्सच्या दरबारांतून स्वतः रचलेली प्रेमगीते गाणारे कवी म्हणजे त्रुबादूर. त्यांचे शब्द पुष्कळ उरले, चाली साधारण दहातल्या एका गाण्याच्या. ज्यांनी त्या उतरवल्या त्यांनी सूर कोणता ते लिहिले, पण तो किती वेळ धरायचा ते बहुतेक लिहिलेच नाही. म्हणून तेच गाणे एक गायिका दोन मिनिटांत उरकते, दुसरी दहा मिनिटे लांबवते, आणि दोघी एकाच पानाचा हवाला देतात. यावरूनच आपले मंडळ फुटले. मी म्हणत होते, शब्दांत ठेका आहे, तोच गाण्यात हवा. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, ज्यांना आपण सारे खोडरबर मास्तर म्हणतो, ते म्हणत होते, श्वास नेईल तसे गावे. भर सभेत ते म्हणाले, "बाई गाणं ऐकत नाहीत, कवायत घेतात." मी काय म्हणाले ते इथे लिहिण्याजोगे नाही. ते उठले, निम्मे मंडळ त्यांच्या मागे उठले.

कलम ४. आता तबकड्या. आपला नियम तुम्हाला ठाऊक आहे: आधी कान, मग नाव. गायिकेच्या नावाला कोणी भुलू नये म्हणून वेष्टने काढायची आणि मधल्या नावपट्टीवर जाड कागद चिकटवायचा. हा नियम माझा. तो आजही मला बरोबर वाटतो, आणि त्यानेच माझी गचांडी धरली आहे.

स्त्री-त्रुबादूरांपैकी एकीच्याच एका गाण्याची चाल उरली आहे. धाकटीने तेच गाणे ध्वनिमुद्रित केले. थोड्याच प्रती निघाल्या, त्या मंडळातच वाटल्या. पुढे तिच्याच गुरूंच्या आणखी दोन शिष्यांनी तेच गाणे ध्वनिमुद्रित केले. तिघींच्या तबकड्या माझ्या फळीवर आहेत, तिन्हींवर कागद. एक ठेक्यात आहे, एक मोकळी, एक मध्येच ठेका धरते आणि सोडते. गळे तिघींचे एका साच्यातले. एका तबकडीचा कागद भिजवून काढायला गेले, तर नावपट्टीचाच लगदा हातात आला.

तुम्ही म्हणाल, सख्ख्या बहिणीचा आवाज ओळखू येत नाही? घरी ती दर आठवड्याला निराळी गायची. ध्वनिमुद्रणाला निघताना दारात म्हणाली, "ताई, आज तुझ्या ठेक्यात गाते बघ." तिने दिलेले कोणते वचन खरे आणि कोणते माझी समजूत काढायला, हे मला कधीच आधी कळले नाही. ठेक्यातली तबकडी लावली की वाटते, हीच. मोकळी लावली की वाटते, छे, ती माझे ऐकणारी नव्हतीच. तिसरी लावली की खुर्चीवरून उठते.

ती गेली तेव्हा भाचा रांगत होता. परवा त्याने तिन्ही लावल्या आणि विचारले, "मावशी, यातली आई कुठली?" सभा गाजवणाऱ्या या बाईने त्याला सुई पुसायला सांगितले.

वकीलबाई म्हणतात, "आजी, जी वस्तू देताय ती ओळखता तरी यायला हवी." मी म्हटले, अहो, माझेही रडगाणे तेच आहे. म्हणून लिहिते: तिन्ही तबकड्या भाच्याला, त्यातली जी कोणती त्याची आई असेल ती धरून.

राहिलेल्या मंडळींच्या घरी तिच्या प्रती आहेत. मी एकेकाच्या दारी जाऊन आले. पण माझ्या पक्षाचे लोक पडले शिस्तीचे! घरच्या तिघींच्याही प्रतींवर त्यांनी इमानाने कागद चिकटवले, वेष्टने रद्दीत घातली, आणि आता तेही माझ्याच नावेत आहेत. नावपट्टी शाबूत असेल तर ती माझा नियम धुडकावून मंडळातून उठून गेलेल्यांकडे. हे भाच्याला मी सांगितलेले नाही. सांगायचे तर एक नाव घ्यावे लागले असते, आणि ते या जिभेवर येत नाही. कागदावर येते असे दिसते.

हे सर्व मी वाचून पाहिले आणि माझ्या हाताने सही केली.

सही: खिळे जुळवणारी
साक्षीदार: वकीलबाई (सही)
साक्षीदार: खालच्या मजल्यावरचा शिंपी (सही)
स्थळ: माझी पुढची खोली. शनिवार, नोव्हेंबरचा पहिला.

सहीखाली लिहिलेले कायद्याला दिसत नाही, असे वकीलबाई सांगतात. ज्यांना दिसायला हवे त्यांना दिसो. खोडरबर मास्तर, गाणे मोकळे निघाले तर तुम्ही जिंकलात, खुशाल सांगा सगळ्यांना. पण हे वाचन संपले की घरी जा, धाकटीची तबकडी काढा, आणि आजच्या आज माझ्या भाच्याला नेऊन ऐकवा.