माझी सव्वीस इंची परत पाठव

चिरंजीव शालकास,

आशीर्वाद. (इथे 'अनेक' लिहायची रीत आहे, मला माहीत आहे. सध्या एकच पाठवतोय. बाकीचे माझी जुनी सायकल परत आली की एकगठ्ठा मिळतील.) इकडे सर्व ठीक, असंही लिहायचं असतं. इकडे काहीही ठीक नाही. तुझी तब्येत उत्तम असणारच. लोकांच्या गळ्यात नको त्या वस्तू मारून गल्ल्यावर बसणाऱ्याची तब्येत कशाला बिघडेल? तुझ्या बायकोला नमस्कार सांग, तिच्यावर माझा राग नाही. आणि तुझा गुडघा कसा आहे तेही कळव. राग आला म्हणून मेहुण्याच्या गुडघ्याची चौकशी करू नये असं थोडंच आहे.

पत्र लिहितोय कारण फोनवर तू हसतोस. परवा मी इतक्या पोटतिडकीने बोलत होतो आणि पलीकडून नुसतं खुसखुस, खुसखुस. विचारलं तर म्हणालास, भावोजी, रेंज जातेय. आता कागदावर हवं तेवढं हस, मला ऐकू येणार नाही. माझं म्हणणं एकच आहे. माझी जुनी सायकल, सव्वीस इंची चाकांची, जिला मागे शॉक नाही, जिला तू 'इतिहासजमा' म्हणालास आणि नवीच्या बदल्यात ठेवून घेऊन दुकानाच्या दर्शनी भिंतीवर टांगलीस, ती मला परत हवी आहे. ती विकायची नाही. तुझा मेकॅनिक म्हणत होता की एक गिऱ्हाईक दोनदा येऊन तिच्याकडे बघून गेलं. त्या गिऱ्हाइकाला सांग, मालक अजून जिवंत आहे. आणि टेम्पोने ती इकडे पाठवशील तेव्हा परतीच्या फेरीत ही तुझी नवी घेऊन जा. तुझी तुला लखलाभ होवो.

मुळात मी तुझ्या नादाला लागलोच कसा, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. अरे, मी वजनमापे खात्यातला निरीक्षक! दुकानदार बोलतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो. पण बायकोचा भाऊ पडलास. पन्नाशीनंतर डोंगरवाटेला मोठी चाकं आणि फुल सस्पेन्शनच हवं, पुढेही शॉक, मागेही शॉक, दगडांवरून गादीवरून गेल्यासारखे जाल, असं तू म्हणालास आणि मी खुळ्यासारखा मान डोलावली. सव्वीसची एकोणतीस, तीन इंचांनी काय होतंय, म्हणालास. तीन इंचांनी काय होतं ते आता माझ्याकडून ऐक. जुनी सायकल मागच्या चाकावर उभी केली की लिफ्टमध्ये ती, मी आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा असे तिघं आरामात मावायचो. ही उभी केली की पुढचं चाक लिफ्टच्या पंख्याला लागतं आणि मी बाहेर राहतो. एकदा वैतागून तिला एकटीलाच वर पाठवली आणि मी जिन्याने धावलो. मधे आजोबांनी बटण दाबलं, दार उघडलं, आत दोन पायांवर उभी असल्यासारखी सायकल, माणूस कोणी नाही. आजोबांनी जो आवाज काढला तो मी दोन मजले खालून ऐकला. ते आता लिफ्ट वापरत नाहीत आणि माझ्याशी बोलत नाहीत. घरात आल्यावर हँडल दारापेक्षा रुंद, म्हणून वाकडी करून घ्यायची, तर पेडल कपाटाला घासतं. ती मधल्या बोळात उभी असते, त्यामुळे बाथरूमला जायचं तर भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन सरकत जावं लागतं. (पोट आत घेऊनही ब्रेकची मूठ लागते. कुठे लागते ते लिहीत नाही.)

हे सगळं मी मुकाट्याने सोसलं असतं. पण तू घरच्या ग्रुपवर जो उजेड पाडलास, त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. काय लिहिलंस, आठवतंय? 'भावोजींचं अखेर फुल सस्पेन्शन झालं! खूप दिवस टाळत होते. सर्वांनी अभिनंदन करावे.' आणि खाली फोटो टाकायला विसरलास! अरे, आपल्या दोन्ही घरांत मिळून डोंगरात सायकल चालवणारे आपण दोघं, आणि बाकी झाडून सगळे नोकरदार. त्यांना सस्पेन्शन म्हटल्यावर सायकल कशी दिसेल? अर्ध्या तासात माझे काका फोनवर. आवाज असा, की मी गेलोच आहे. म्हणाले, साधं निलंबन ऐकलं होतं रे, हे 'फुल' काय असतं, अर्धा पगारही मिळत नाही का? मग चुलतभावाचा फोन. तो तर दबक्या आवाजात, किती घेतले होतेस, एवढंच विचारून थांबला. मला राग कशाचा आला सांगू? एवढं मोठं गणगोत, पण त्यात एकालाही, एकालाही वाटलं नाही, की हा माणूस असलं काही करणार नाही! सगळ्यांनी लगेच मान्य करून टाकलं. काहींनी तर तू सांगितल्याप्रमाणे अभिनंदनही केलं.

तिसऱ्या दिवशी आत्या बॅग घेऊन दारात. माझ्या बायकोला आधार द्यायला. (आधार म्हणजे सकाळ-संध्याकाळ तिच्यासमोर बसून सुस्कारे सोडणे. तुझी ताई दिवसभर दवाखान्यात लोकांच्या दाढा उपटून यायची आणि घरी हे.) मी आत्याला हाताला धरून बोळात नेलं, सायकल दाखवली, पुढचा शॉक दाखवला, मागचा शॉक दाबून दाखवला, म्हटलं हे बघ, हे ते सस्पेन्शन. तिने सायकल वरपासून खालपर्यंत न्याहाळली, किंमत विचारली आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, मग आता माझी खात्रीच पटली. वर ती खाली वाण्याकडे साखर आणायला गेली आणि सगळं सांगून आली. हा वाणी म्हणजे कोण, तर ज्याचा खोटा काटा मी गेल्या वर्षी जप्त केला तोच. संध्याकाळी स्वारी सहानुभूती दाखवायला घरी हजर, हातात किलोभर साखर. आता तुम्ही आपल्यातलेच, म्हणाला! तो गेल्यावर मी साखर वजन करून बघितली. कमी भरली. आत्या म्हणाली, अशा वेळी माणसाने मोजत बसू नये. मी ऑफिसात गेलो तर ती कौतुकाने म्हणे, बिचारा अजून डबा घेऊन निघतो, सवयच आहे. आठवडाभर राहिली. तो सगळा आठवडा मी तुझ्या खात्यावर मांडलेला आहे.

बरं, एवढं सोसून सायकल तरी धड आहे का? तलावामागच्या टेकडीवर माझी इतकी वर्षं गेली. ती झाडांच्या मुळ्यांची उतरण आठवते ना, जिथे तू दोनदा तोंडावर पडलास? (मी एकदाच. तेही कुत्रं आडवं आलं म्हणून.) जुन्या सायकलवर मला तिथलं प्रत्येक मूळ, प्रत्येक दगड ओळखीचा. हाताला कळायचं, कोण आलं ते. ही नवी बया काही कळूच देत नाही. दगड आला काय, गेला काय, तिला सोयरसुतक नाही. चढाला पेडल मारावं तर पुढे जायच्या ऐवजी खाली-वर डुलते. अरुंद वळणावर एवढं मोठं चाक वळता वळत नाही, आणि मी सरळ काटेरी झुडपात. काटे तुझ्या ताईने काढले, दातांच्या चिमट्याने, आणि प्रत्येक काट्याला 'तोंड उघडा' म्हणत होती, सवयीने. आणि सगळ्यात कहर म्हणजे तो मागचा शॉक. जरा उंचावरून उतरलं की ढप्प! तळालाच आपटतो, आणि तो दणका थेट माझ्या कवटीत. तू फोन करून माझं वजन विचारलंस, मी भर ऑफिसात सांगितलं, त्या वजनाच्या हिशोबाने तू शॉकमध्ये हवा भरून सायकल पाठवलीस. मग आपटतो का? म्हणजे शॉकच खोटा. माल मापात नाही! मी मनात आणलं तर तुझ्या दुकानावर कारवाई करू शकतो, हे लक्षात असू दे.

गेल्या महिन्यात एका रविवारी तो शॉक इतका आपटला, की मी अर्ध्यातून खाली आलो आणि सायकल फाटकाशी, आपल्या गाडीशेजारी, अक्षरशः फेकून दिली. गाडीत तुझी ताई बसली होती. तुला माहीतच आहे, पेशंटच्या तोंडात वाकून वाकून तिची पाठ गेली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती माझ्याबरोबर येते ती फाटकापर्यंतच, गाडीत पाठीमागे उशी घेऊन पुस्तक वाचते. (माझ्या जुन्या सायकलवर एकदा बसून बघितलं होतं तिने. पन्नास पावलांवर उतरली, पाठीवर हात ठेवून परत आली आणि पुन्हा नाव काढलं नाही.) तिच्यादेखत मी तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या तिच्याही पिढ्या आहेत, हे मला मागाहून सुचलं. तर, त्या दिवसापासून आजतागायत मी त्या सायकलवर बसलेलो नाही. हे वाक्य पुन्हा वाच. एकदाही बसलेलो नाही.

तेव्हा बऱ्या बोलाने माझी सव्वीस इंची भिंतीवरून उतरव, चेनला तेल दे, आणि येत्या टेम्पोने धाड. उशीर केलास तर मी स्वतः तुझ्या दुकानात येईन, आणि येताना खात्याची वजनं घेऊन येईन.

तुझा (नाइलाजाने),
भावोजी

ता. क. : पत्र पाकिटात घालणार, तोच कळलं की तुझी ताई केव्हाची मागे उभी राहून वाचत होती. तिने वजनाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते काढेना. तेव्हा लिहितो. मी सांगितलेलं वजन माझं नव्हतं. तू फोन केलास तेव्हा टेबलासमोर शिपाई, टायपिस्ट आणि तपासणीला आलेले दोन काटे. त्या काट्यांसमोर खरा आकडा तोंडातून बाहेर पडेना. मग जो आकडा आला तो सांगून मोकळा झालो. तो आदल्या दिवशी पाठीच्या डॉक्टरांच्या कागदावर वाचलेला होता. म्हणजे तुझ्या ताईचा. थोडक्यात, ती सायकल पहिल्या दिवसापासून तिच्या वजनाला लावलेली आहे. तुझ्या मेकॅनिकला हे सांगायचं काम नाही.

ता. क. २ : परतीच्या टेम्पोत नवी न्यायची ती भानगड रद्द समज. झालं असं, की मी फाटकाशी तुझ्या नावाने शंख करत होतो तेव्हा ती गाडीतून उतरली, म्हणाली, जरा बसून बघते. मी म्हटलं, पाठ! ती म्हणाली, पन्नास पावलं. आणि गेली की! पन्नास झाली, शंभर झाली, झाडांत दिसेनाशी झाली. माझी पाचावर धारण बसली. मी धावत सुटलो, अरे, हाका मारत, हेल्मेट हातात तसंच. वर पोचतो तो ती मुळ्यांच्या उतरणीवर. शॉक एकदाही आपटला नाही. चाकं मुळांवरून अशी गेली, की मुळं नाहीतच. मला वरून फक्त तिचं हसणं ऐकू येत होतं. खाली ती सायकल धरून उभी, घामाघूम, आणि पाठीवर हात नाही. दोन वर्षांत मी तिला उठताना, बसताना, उभं राहताना पाठीवर हात ठेवल्याशिवाय बघितलेलं नाही. मला रडू आलं. मी ते रागावून लपवलं. तेव्हापासून दर रविवारी सायकलवर ती असते आणि मागून मी धावतो. या वयात! टेकडीवरचे सायकलवाले मला 'पट्टेवाला' म्हणायला लागलेत. म्हणून माझी सव्वीस इंची परत हवी. दुसरं काही कारण नाही.

ता. क. ३ : तू पुढच्या महिन्यात येशील आणि आल्या आल्या तो छोटा पंप काढून शॉकची हवा बघायला बसशील. खबरदार! त्या हवेला हात लावायचा नाही. मी तपासलं आहे. वजनमापे निरीक्षक म्हणून लिहून देतो, माप बरोबर आहे.

छोट्या, मी ताई. हे टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली चार ओळी. मी छान आहे. आत्यांना अजूनही ह्यांना सस्पेंड केलंय असंच वाटतं, मी काही सांगत नाही. सायकल भिंतीवरून उतरवून ठेव, विकू नकोस, पण पाठवायची मुळीच घाई करू नकोस. काल मी ह्यांना ऑफिसातल्या काट्यावर उभं राहायला लावलं. असेच आणखी दोन महिने माझ्यामागे धावत राहिले, तर तुला फोनवर सांगितलेलं वजन खरं होईल.