धुतलेला वाघदेव

शहापूर, २८ नोव्हेंबर १९९९

ती. सौ. अक्कास,

शिरसाष्टांग नमस्कार (आठांपैकी दोन अंगं, म्हणजे गुडघे, सध्या रजेवर आहेत). तुझा दमा कसा आहे? भाऊजींनी गोड खरंच सोडलं, की ती दिवाळीपुरती शपथ होती? माझ्या ठाण्याच्या बदलीचं त्यांनी कुठवर आणलंय, तेही विचार. अकरा वर्षं झाली इथे. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं सुचत नाही. हे पत्रसुद्धा सकाळपासून तिसऱ्यांदा सुरू करते आहे.

घडलं ते असं. सहावीला 'इतिहासाची साधने' शिकवत होते. पुस्तकातले ताम्रपट पोरं जांभया देत पाहतात, म्हणून म्हटलं, घरातली सगळ्यांत जुनी वस्तू आणा, प्रदर्शन मांडू. आदेशने बापाचा रेल्वेचा पास आणला (गेल्या महिन्याचा, संपला म्हणजे जुनाच, हे त्याचं म्हणणं). सुयोगने आजोबांनाच आणलं. ते दोन तास बाकावर बसले आणि चहा पिऊन गेले. आणि सावळीने, माझ्या वर्गातली सगळ्यांत चुणचुणीत मुलगी ती, सिमेंटच्या गोणीतून एक शेंदूर माखलेला धोंडा आणला. त्यांच्या शेताच्या बांधावरचा वाघदेव. दिवाळीच्या तोंडावर, दर वाघबारशीला त्याला शेंदूर चढतो, नारळ फुटतो.

आता मी तिथेच थांबायचं. पण माझे हात स्वस्थ बसतील तर ना! मनात आलं, एवढ्या शेंदराखाली नक्की शिलालेख असणार, निदान शिलाहारांचा तरी (वर्तमानपत्रातला माझा फोटोही डोळ्यांपुढे आला, तुझ्या नारायणपेठ साडीत). शिवाय आपल्या कॉन्व्हेंटची सवय. मदर नखं तपासायच्या आणि रांगेत उभ्या उभ्या तू माझी तुझ्या दातांनी कुरतडून द्यायचीस, आठवतं? तर शनिवारी शाळा सुटल्यावर रॉकेल, धुण्याचा सोडा आणि ब्रश घेऊन बसले. बोटभर जाड लेप निघाला, पापुद्र्यावर पापुद्रा. आत काय निघालं? धोंडा. अक्षर नाही, वाघ नाही, वाघाची मिशीसुद्धा नाही.

सोमवारी सावळीने तो पाहिला आणि परत गोणीत घातला. मंगळवारपासून तिची जागा रिकामी. गुरांमागे जाते, असं कळलं. गुरुवारी तिच्या घरी गेले. तिचा बाप धाऊ माझ्याकडे पाठ करून विळ्याला धार लावत राहिला. बोलली ती आजी, गोजर.

"बाई, धोंडे आमच्या बांदावर पुष्कळ हायेत. तो शेंदूर व्हता ना, तोच आमचा देव. खालचा माज्या आजेसासऱ्याच्या हातचा, वरचा माजा."

अक्का, तीस वर्षं इतिहास शिकवतेय. खरं जुनं एकदाच हाताला लागलं, आणि मी ते सोड्याने धुतलं.

म्हातारीनेच शेवटी तोड काढली. नवा शेंदूर मी चढवायचा; पहिला आत्ता, मग दर वाघबारशीला. पण अगदी खालचं बोट माझ्या घरच्या जुन्या कुंकवाचं हवं. नुसत्या दुकानच्यावर देव बसत नाय म्हणे. ते झालं की सावळी शाळेत. सावळी दाराआडून ऐकत होती. "आजे, बाईंची तं बदली व्हनार हाय," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी कोन लावंल?" मी बराच वेळ चपला शोधत राहिले. त्या पायातच होत्या.

बाकी सर्व ठीक.

तुझी,
शैला

ता. क. १ : भाऊजींना म्हणावं, बदलीची घाई नको. माझा अर्ज पुढल्या वाघबारशीपर्यंत त्यांच्या खणातच राहू दे (त्यानंतरही राहिला तर माझी तक्रार नाही).

ता. क. २ : आईचा कुंकवाचा करंडा, जो तू नेलास आणि ज्यापायी मी चार वर्षं तुला पत्र लिहिलं नव्हतं, तो शोकेसमधून काढून रजिस्टर पोस्टाने पाठव. तळाशी तिच्या कुंकवाची खपली आहे. मला बोटभरच हवं. करंडा परत करीन, आईची शपथ.

ता. क. ३ : पाठवण्याआधी घासू नकोस. आणि आधीच घासून लख्ख केला असशील, तर मात्र तू स्वतः ये. गोजरआजीपुढे मी पुन्हा एकटी उभी राहणार नाही.