वाशावरची हळद

आत्या,

मी आत्ता आपल्या घरावर बसलेय, खुलताबादला. सलीमचाचा मिस्त्री वरचा पत्रा काढून जेवायला गेलेत. तुला जाऊन दोन महिने झाले, एक ओळ लिहिली नव्हती मी. पण पत्र्याखाली जे दिसलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

पावसात तुझा फोन यायचा. "धुराड्यापाशी गळतंय, माय. धूर घरातच राह्यलाय." मी बजाजनगरच्या खोलीतून शहाणपण शिकवायचे. शेवटी नवं धुराडं आणून बसवलं. पुढच्या पावसात परत तेच.

"धुराड्याला काय नाय झालं, सुमे. वानरांनी उड्या मारून वरचा पत्रा फाडलाय. पाणी तिथून सरकत येतंय."

"खाली बसून तुला वरचं कसं दिसतं गं?"

आठ दिवसांनी परत फोन. "वर चढले होते. फाटल्या जागी हळदीचं पाणी ओतलं. पिवळं धुराड्यापाशीच उतरलं बघ."

मी काय म्हणाले, आठवतं? "घराला हळद लावलीस? मग लग्न कधी?" तू पण हसलीस. हसता हसता खोकायला लागलीस. मी फोन ठेवला.

शिडी कुणी धरली होती, एवढं तरी विचारायचं ना मी.

घरात गॅस होता. पण दर शनिवारी येऊन "चुलीवरचीच भाकर पायजे" कोण म्हणायचं? दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, घरात धूर होतो का? मी म्हणाले, "नाही, नवं धुराडं बसवलंय." तू पलंगावरून नुसती बघत राहिलीस. का बोलली नाहीस? माझी लाज राखलीस?

आज चाचा म्हणाले, "चिमनी को कुच नै हुआ बेटा. पानी से वासा सड़ के बैठ गया, तो पाईप का जोड़ खुल गया. धुवाँ अंदरच रहता फिर." आणि वाशावर बोट ठेवलं. पिवळा ओघळ. फाटल्या जागेपासून थेट धुराड्यापर्यंत.

वासा बदलावा लागेल. पण ओघळाचा तुकडा कापून माझ्याजवळ ठेवीन. आणि शनिवारी येत राहीन. भाकर गॅसवर करीन. चांगली झाली म्हणीन.

तुझी लई शिकलेली भाची,
सुमी