गान्तेत्सुची डाव्या हातावरची पट्टी

प्रिय नोबुए,

तुझ्या भावाच्या दुकानातल्या तांदळाच्या चकत्या पोचल्या. डब्यावर अक्षर तुझं, आत चिठ्ठी मात्र नाही. तीन वर्षं झाली, बाई. आधी वाटायचं तू रुसलीस, पण आता कळतं, तुला तोंड दाखवायची लाज वाटते.

आपली चित्रमालिका येते ते साप्ताहिक तू हातातही धरत नाहीस, असं तुझी वहिनी फोनवर म्हणाली. म्हणजे पुढचं तुला काहीच ठाऊक नाही. तीन वर्षांपूर्वी त्या आठवड्यात तू कागद पालथा घालून, उजेडावर धरून उलट्या दिसणाऱ्या चित्राचा तोल बघत होतीस आणि त्या भरात मालिकेतल्या गान्तेत्सुची पट्टी डाव्या हातावर शाईनं काढून बसलीस. मालकावरचा, राइकाकुवरचा वार त्यानं झेलला तो उजव्या हातानं. बारा वर्षं वाचकांनी पट्टी तिथेच पाहिलेली. पत्रांचा ढीग पडला. 'राइकाकुच्या या चमच्याला स्वतःची जखमही सांभाळता येत नाही का?' असं एकानं विचारलं. तू माफीची चिठ्ठी ठेवलीस आणि पहिल्या गाडीनं भावाकडे निइगाताला गेलीस.

आपल्या गुरूंनी, सेन्सेईंनी, तो अंक पाहिला. मग म्हणाले, "चुका आपण करतो गं. गान्तेत्सु नाही करत. त्यानं पट्टी हलवली असेल, तर का हलवली ते शोधू या."

आठ महिन्यांनी त्यांना कारण सापडलं. राइकाकुचा डावा हात लुळा पडत चालला होता. तो पट्टीत लपवला तर शत्रूला लगेच कळलं असतं. म्हणून गान्तेत्सुनं आधी स्वतःचा धडधाकट डावा हात बांधला आणि मग सगळ्या फौजेला बांधायला लावला. लुळा हात कुणाचा, ते कुणालाच ओळखू येईना. ते पान मी शाईनं भरत होते आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढा दुष्ट मालक, आणि त्याच्यापायी एवढी निष्ठा. ज्यांनी शिव्या घातल्या होत्या, त्यांनीच रडून पत्रं लिहिली.

आता दुसरी बातमी. गेल्या हिवाळ्यापासून सेन्सेईंचा उजवा हात थरथरतो, म्हणून ते पट्टी बांधतात. मालिका दुसऱ्या कुणाकडे द्यावी का, ते ठरवायला संपादक ओनुकी-सान येणार होते. त्या सकाळी आम्ही चौघी मदतनीसांनी, एकमेकींना न विचारता, उजव्या हाताला पट्ट्या बांधल्या होत्या. ओनुकी-साननी एकेक हात पाहिला, चहा संपवला, खाली वाकून नमस्कार केला आणि "शेवट तुम्हीच करा" एवढं म्हणून गेले. सेन्सेई भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटच्या भागात गान्तेत्सु मरतो. मालकाच्या पायाशी पडलेला त्याचा हात, आणि त्यावरची सुटत चाललेली पट्टी. बाकी पान भरून झालंय. पट्टीची जागा कोरी आहे. मी टाक उचलला, तर सेन्सेई म्हणाले, "ती नोबुएची आहे. तिला बोलाव." पान गुरुवारी छापायला जायचंय. पट्टी कुठल्या हातावर, असं मी मुद्दाम विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "तिनं काढली होती तिथेच."

तुझीच,
चिझुरु