नसत्या चौकशांचा पगार

तीर्थरूप आईला लांबूनच साष्टांग नमस्कार,

मी मजेत आहे. खोकलाही जवळजवळ गेलाय.

विद्यापीठाच्या ऑफिसात मी नक्की काय करते, असं तू विचारलंस. पीएच.डी. करणाऱ्यांना मार्गदर्शक मिळवून द्यायचे, प्रयोगशाळेची वेळ ठरवून द्यायची आणि त्यांची खुशाली विचारत राहायची. "चोंबडे, नसत्या चौकशा करू नकोस," म्हणायचीस ना? इथे त्याचाच पगार मिळतो!

आमच्या मॅडम रडगाणं गाणाऱ्यांची काळजी करत नाहीत. पण कुणी लागोपाठ दोनदा "सगळं ठीक आहे" एवढंच कळवलं, की मला थेट त्याच्या खोलीवर पिटाळतात. परवा अशाच एका मुलीकडे गेले. ती गंजावर संशोधन करते. लोखंडाच्या गंजावर, बाई! दार उघडलं आणि रडायलाच लागली. तिचे मार्गदर्शक नोकरी सोडून गेले होते, आणि हिने कुणाला सांगितलंच नव्हतं. आज तिला नव्या मार्गदर्शक मिळाल्या.

दादा हल्ली वेळेवर घरी येतो का?

तुझ्या गुडघ्याचं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुझं उत्तर, "सगळं ठीक आहे."

पुढच्या रविवारी येतेय. बेल वाजली तर उठू नकोस, किल्ली आहे माझ्याकडे.

तुझी,
चोंबडी