तळहातावरची तार

प्रिय मामंजी,

‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं होतं, पण त्या शब्दाला तुम्ही नेहमी हसायचात. “तीर्थ म्हटलं की लोक पाणी घालतात, सूनबाई. इथे विजेच्या तारा आहेत!” म्हणून ‘प्रिय’च बरं.

आज सकाळी तुमच्या खुर्चीवर बसून मी माझ्या स्वतःच्या कॉलसाइनने, म्हणजे बिनतारीवरच्या माझ्या नावाने, पहिली हाक दिली. हो, परवाना आला! ह्यांना सांगायला गेले, तर म्हणाले, “छान झालं. माझा निळा शर्ट कुठाय?” तुमचा मुलगा विमानांच्या कारखान्यात काम करतो, पण तुमची बिनतारी कधी त्याच्या कानात शिरली नाही. मग तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

बेळगावहून लग्न होऊन आले, तो पहिला आठवडा आठवतो? तेव्हा जयनगर म्हणजे माळरानच. चार घरं, मधे आखून ठेवलेले रिकामे प्लॉट, आणि आपल्या गच्चीपासून मागच्या नारळापर्यंत ताणलेली तांब्याची तार. कपड्यांची एवढी छान सोय बघून मी माझं लुगडं तिच्यावर वाळत घातलं. तुम्ही जिना चढून वर आलात. मला वाटलं, आता बोलणी बसणार! तुम्ही लुगड्याकडे बघितलंत, तारेकडे बघितलंत आणि म्हणालात, “स्वल्प बाजूला घे गं. ऑस्ट्रेलिया झाकला गेलाय.”

मी घाबरून लुगडं ओढलं, आणि मग विचारलं, “ऑस्ट्रेलिया कुठाय इथे?”

तोच माझा पहिला धडा. तुम्ही मला खाली नेऊन संच दाखवलात आणि वरची तार म्हणजे त्याची एरियल, तिच्यावरूनच ऑस्ट्रेलियाची माणसं ऐकू येतात, हे सांगितलंत. जन्मभर तारखात्यात लोकांच्या तारा पाठवल्यात, कुणी गेलं, कुणी जन्मलं, ‘ताबडतोब या’. निवृत्त झाल्यावर म्हणालात, आता ज्यांना कसलीच घाई नाही, अशा माणसांशी बोलायचं. महायुद्धानंतर लष्कराने भंगारात काढलेले सुटे भाग तुम्ही जुन्या बाजारातून आणायचात. सासूबाई भाजीची पिशवी म्हणून उघडायच्या, तर आत संचाचे काचेचे व्हॉल्व्ह! “ह्याची कोशिंबीर करू का?” असं त्यांनी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, “सरी, कर. पण मीठ कमी घाल.”

मोर्स, म्हणजे तुमची ती तारेची ठोक्यांची लिपी, तुम्ही मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून शिकवलीत. मी पोळ्या लाटायची आणि तुम्ही तोंडाने डि-डा, डि-डा करायचात, तबल्याचे बोल सांगावेत तसे. माझं इंग्रजी शाळेपुरतं. तुम्ही म्हणालात, “अक्षरं इंग्रजी, बोलणं आपलं.” मग मी लाटणं आपटून विचारायची, ‘चहा हवा का’, आणि तुम्ही चौकटीवर बोटाने ‘हो’ म्हणायचात. शेजारच्या लक्ष्मम्मा कुंपणापलीकडून विचारायच्या, “एनु शब्द अदु? कसला गं हा आवाज?” त्यांना काय सांगणार!

आता एक तक्रार आहे, ती ऐकून घ्या. तुम्हाला ऐकू येईनासं झालं, हे तुम्ही आमच्यापासून का लपवलंत? आम्ही काय परके होतो? तुम्ही हेडफोन सोडून भोंगा लावायला लागलात, मग भोंग्याचा आवाज वाढत गेला. आम्हाला वाटलं, म्हातारपणची हौस! त्या रविवारी मी कणीक मळत होते. बाहेरच्या खोलीतून तुमचीच कॉलसाइन स्पष्ट ऐकू आली. कुणीतरी तुम्हाला पुन्हा पुन्हा हाक मारत होतं. आता उत्तर द्याल, मग द्याल, म्हणून मी वाट बघत राहिले. शेवटी बाहेर आले, तर तुम्ही खुंटी फिरवत त्या हाकेवरून सरळ पुढे चालला होतात.

मी कणकेच्या हाताने तुमचा हात धरला, खुंटी मागे आणली आणि पाटीवर लिहिलं, ‘तुम्हालाच बोलावतायत.’

तुम्ही किती वेळ त्या पाटीकडे बघत होतात! मग हळूच म्हणालात, “कुणाला सांगू नकोस. सांगितलंस तर संच कपाटात जाईल.”

“जाऊ देते होय!” मी तुमच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले. “मी ऐकते, तुम्ही बोला.”

तसंच चाललं मग. मी ऐकून पाटीवर लिहायचं, तुम्ही वाचून उत्तर ठोकायचं. समोरच्याला कधी कळलंसुद्धा नाही की इकडे दोन माणसं मिळून एक माणूस झालाय.

मग चीनशी लढाई सुरू झाली आणि हौशी लोकांचे ट्रान्समीटर जमा करण्याचा हुकूम आला. तुम्ही एका शब्दाने कुरकुरला नाहीत. जुन्या धोतरात संच बांधलात, जटका-टांगा बोलावलात आणि मांडीवर घेऊन गेलात. परत आलात ते व्हरांड्यात बसलात, आणि मग बसूनच राहिलात.

ते दिवस मला आवडत नाहीत. तुमचं ऐकू न येणं आता लपलं नव्हतं, घरात सगळे तुमच्याशी ओरडून बोलायचे. तुम्हाला शब्द कळायचे नाहीत, ओरडणं तेवढं कळायचं. तुम्ही मान हलवायचात. मीठ हवं का विचारलं तरी मान, झोपायचंय का विचारलं तरी मान. तुमच्यासारखा गप्पिष्ट माणूस!

एका दुपारी कॉफी द्यायला आले. लोटा-वाटी तुमच्या बाजूला ठेवली आणि काय वाटलं कोण जाणे, तुमचा हात उताणा केला आणि तळहातावर बोटाने ठोकलं. डि म्हणजे टिचकी, डा म्हणजे दाब. ‘कॉफी गरम आहे.’

तुम्ही दचकलात. माझ्या तोंडाकडे बघितलंत. मग माझं मनगट धरून माझ्या हातावर उत्तर दिलंत, ‘साखर कमी आहे.’

आधी चव तरी घ्यायची होती! मी हसले आणि तुम्हीही हसलात, इतक्या मोठ्याने, की सासूबाई धावत बाहेर आल्या.

त्या दिवसापासून घर बदललं. जेवताना मी तुमच्या शेजारी बसायची आणि डाव्या हाताने तुम्हाला सगळं सांगायची. कुणाचं लग्न ठरलं, लक्ष्मम्माची गाय कुणाच्या बागेत शिरली, तुमचा मुलगा तुमच्याबद्दल काय म्हणाला. तुम्ही मधेच फिस्सकन हसायचात आणि हे चिडायचे, “काय सांगतेस तू त्यांना?”

पण सासूबाई चिडत नव्हत्या, आपल्या दोघांच्या हातांकडे बघायच्या. एक दिवस तांदूळ निवडताना म्हणाल्या, “मलाही शिकव थोडं. सगळं नको. चार-पाच अक्षरं बस.”

“कुठली?” मी विचारलं.

त्या लाजल्या! त्या वयात, मामंजी! सुपातल्या तांदळांकडे बघत म्हणाल्या, “ह्यांच्या नावाची.”

उखाण्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी तुमचं नाव उच्चारलं नव्हतं. पण बोटाने ठोकणं म्हणजे काही नाव घेणं नव्हे, असा त्यांनी स्वतःशी हिशेब केला होता. आठवडाभर त्या सुपाच्या काठावर ‘वामन’ ठोकत बसल्या. ‘म’ चुकायचा. मग एका संध्याकाळी देवापाशी दिवा लावून त्या तुमच्याजवळ आल्या आणि तुमचा हात हातात घेतला. मी आत जायला निघाले होते, पण गेले नाही. त्यांनी ठोकलं. तुम्ही डोळे मिटलेत. मग म्हणालात, “परत घे.”

त्यांनी परत घेतलं.

बंदी उठल्यावर संच परत आला. तुमचं बोलणं पुन्हा सुरू झालं, माझी पाटी पुन्हा निघाली. तुम्ही गेलात तेव्हा मनात काही राहिलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. माझ्या परवान्याच्या परीक्षेचं मात्र राहून गेलं. “दुसऱ्याच्या नावाने किती दिवस ऐकशील?” हे तुमचं टुमणं मी हसून टाळत आले. आता दिली परीक्षा. परीक्षेच्या खोलीच्या दारातल्या गृहस्थांनी विचारलं, “तुमचे मिस्टर आत गेलेत का?” मी म्हटलं, “ते कारखान्यात गेलेत. परीक्षा माझी आहे.”

आणि आज सकाळची गोष्ट. मी हाक दिली. थोडा वेळ नुसती खरखर. मग सिलोनहून उत्तर आलं. कँडीचा तो चहामळेवाला, ज्याच्याशी तुम्ही रविवारी पावसापाण्याच्या गप्पा मारायचात, तोच! मी त्याला माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग त्याने विचारलं, “बंगळूरमध्ये एक वामन होते. त्यांच्या घरच्या का तुम्ही? शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर ते असेच रेंगाळायचे.”

मी रेंगाळते? मला माहीतच नव्हतं! इतकी वर्षं मला वाटायचं, मी पाटीवर तुमच्यासाठी लिहितेय. आणि तुम्ही तेवढ्यात माझ्या हातात स्वतःची बोलण्याची ढब ठेवून गेलात.

मी त्याला कळवलं, ‘हो. त्यांची सून.’ मग सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, माझ्यामागे उभ्या राहिल्या आणि विचारलं, “त्याला ह्यांचं नाव कळलं?” मी म्हटलं, “त्यानेच घेतलं.” त्यांनी पदर सावरला, माणूस समोर बसलाय अशा थाटाने, आणि म्हणाल्या, “कॉफी घे म्हणावं.” मी तसं कळवलंसुद्धा!

मामंजी, एक वचन देते. कुणी नवखा अडखळत, चुकत, अक्षर अक्षर जुळवत हाक देत असेल आणि बाकीचे घाईत पुढे निघून जात असतील, तर मी थांबेन. त्याच्याच चालीने, त्याला झेपेल तितक्या सावकाश, उत्तर देईन. पोळी तव्यावर करपली तरी चालेल.

तुमची सून आणि तुमचा कान,
सुमती
जयनगर, बंगळूर