कोळशाच्या दोन्ही बाजू

१४ ऑक्टोबर २००७, रविवार
आज नसाब बसली, म्हणजे तांड्याची बैठक. नव्या कोळसा खाणीचा रस्ता आमच्या वावरांतून काढायचा आहे. पुढच्या महिन्यात जनसुनावणी. सरकारी साहेब येऊन लोकांचं म्हणणं ऐकणार.
तांड्याचे नायक (प्रमुख) उत्तमसिंगकाका म्हणाले, धा जणं बोलले का त्याचा बाजार होते. शंकरसिंगची पोरगी बीएस्सी झाली, तेच बोलन. आमच्यात नायकानं एकाला बोलायला सांगितलं की बाकीच्यांनी तिथे तोंड उघडायचं नाही. उघडलं तर नायकाची मान खाली जाते. म्हणजे सगळं माझ्यावर. बा जमिनीकडे बघत बसले. अभिमानानं माणूस असाच गप्प होतो.
संकल्प: पूर्ण अभ्यास करणे. कोणावरही अन्याय होईल असं एक वाक्य नको. कोळशावरसुद्धा.

१७ ऑक्टोबर
वणीला वाचनालयात जाऊन आले. कार्बन डायऑक्साइड, समुद्राची पातळी, बर्फ वितळणे. जीव घाबरा झाला. परत येताना लक्षात आलं की मी बसनं आले, बस डिझेलवर चालते. मग फाट्याच्या बरंच अलीकडे उतरून पायी आले. बादल (माझा धाकटा भाऊ) म्हणाला, ते बस काय तुह्यासाठी निंगाली होती? तू नसती बसली तरी गेलीच असती. त्याच्या युक्तिवादात दोष आहे. कुठे ते सापडलं की लिहीन.

१८ ऑक्टोबर
पाय सुजले. कापसाच्या वेचणीला गेले नाही. याडी (आई) एकटीच गेली. अभ्यासाची किंमत द्यावी लागते.

२० ऑक्टोबर, शनिवार
सगळ्यांची मतं गोळा केली.
बादल खाणीच्या बाजूनं. टिप्परवर ड्रायव्हर लागायची आशा आहे त्याला. म्हणाला, कोळसा बंद केला तर पंखा कायच्यावर फिरन, तुह्या भाषणावर? तेवढ्यात लोडशेडिंग सुरू झालं. त्याचा मुद्दा अर्धवट राहिला, पण माझाही.
शेजारच्या रामीबाईकाकींना चुलीच्या धुराबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, माह्या चुलीचा धूर मोजून राह्यली का वं? त्या खाणीचा मोज अगोदर, मंग माह्याकडं ये, चहा देतो. चहा त्यांनी लगेच दिला, पण दोन वेळा विचारूनही धुराचा आकडा दिला नाही.
मुकुटबन रोडवर जफरभाईंचं मोटारपंप आणि बॅटरीचं दुकान आहे. त्यांचं मत, पुढचा जमाना सूर्याचा. म्हणाले, सूरज तो फुकट का है ताई, बॅटरी भर हमारे यहाँ से लेनी पडती. यात त्यांचा स्वार्थ आहे, अशी टीप मी केली. बादलच्या नावापुढेही केली. मग प्रामाणिकपणा म्हणून स्वतःच्या नावापुढेही केली, कारण वावर आमचंच आहे.

२७ ऑक्टोबर
आपली बाजू बघायला बांसोबत बाजारात गेले. जुन्या खाणीचे ट्रक आमच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं जातात. कडेच्या पाच-सहा तासांतला (ओळींतला) कापूस राखाडी निघतो. व्यापाऱ्यानं गाठोडं उघडलं, मूठभर कापूस उन्हात धरला आणि म्हणाला, शंकरसिंगभाऊ, हा कापूस हाय का चूल पुसाचं फडकं? भाव पाडला. आता नवा रस्ता कडेनं नाही, वावराच्या मधून जाणार आहे.
बा परत येताना म्हणाले, तू तेवढं हे सांगजो बाई. दुसरं काही नाही सांगतलं तरी चालन.
मी म्हटलं, बा, सगळं सांगते. सगळंच.

५ नोव्हेंबर, सोमवार
भाषण तयार. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत मला दुसरं बक्षीस होतं, तेव्हा सरांनी शिकवलेलं: आधी विरोधी पक्षाचं म्हणणं उदार मनानं मांडावं, मग आपलं. तसंच केलंय. आधी कोळसा का लागतो, मग आपला कापूस.
संध्याकाळी ओट्यावर तांड्यातल्या लोकांना वाचून दाखवलं. सगळे शांत ऐकत होते. दोघं-तिघं तर डोळे मिटून. एकाग्रता.
बांनी विचारलं, आपलं कवा येते? मी समजावलं की आपलं शेवटी येतं, म्हणजे ते लक्षात राहतं. ते म्हणाले, पंगतीत भाजी शेवटी वाढली तर लोकं भाकर कायच्यासंग खातीन?
बांना वक्तृत्वाचं शास्त्र माहीत नाही. वाईट वाटलं.

१२ नोव्हेंबर
झोप नाही. ‘आमचा कापूस काळा पडतो’ हे वाक्य प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं नाही. बदलून लिहिलं: ‘कापसाचा रंग बदलत असल्याचा अनुभव काही शेतकरी सांगतात.’ आता कोणी बोट ठेवू शकणार नाही.
कोळशाच्या बाजूला दोन मुद्दे वाढवले. ती बाजू कमी पडत होती.

१९ नोव्हेंबर
याडी म्हणाली, उद्या-परवा आहे तर आवाज काढून बोल, घशात नको बोलू. कोमट पाणी पिणे. (पाणी तापवायला लाकूड लागतं. गारच प्यायले.)

२० नोव्हेंबर
घसा बसला.

२१ नोव्हेंबर, बुधवार
जनसुनावणी झाली.
मांडव, जनरेटर, पंखे. नायक उठून साहेबांना म्हणाले, तांड्याकडून हेच बोलन. साहेब म्हणाले, पाच मिनिटं.
घसा बसलेलाच, पण माईक होता; सुरुवात चांगली झाली. देशाला वीज लागते, दवाखान्यात लागते, पोरांच्या अभ्यासाला लागते. कंपनीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला धीर आला. रोजगाराच्या मुद्द्याला पुन्हा टाळ्या. टाळ्यांत वेळ जातो हे मी धरलं नव्हतं. ‘आता दुसरी बाजू’ असं म्हटलं आणि घंटी वाजली.
साहेबांना सांगितलं की महत्त्वाचं राहिलंय. ते म्हणाले, फार मुद्देसूद बोललात, बसा.
दुसऱ्या गावांची माणसं भांडली. एकानं माईक ओढला, एका म्हातारीनं धुळीची मूठ साहेबांच्या टेबलावर ठेवली. आमच्या तांड्यातलं कोणी हललं नाही. बा एकदा उठले. नायकांकडे पाहिलं आणि परत बसले.
शेवटी साहेबांनी विचारलं, तांड्यातलं आणखी कोणी? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण माझी पाच मिनिटं संपलेली होती. दुसऱ्याच्या वेळात घुसणं बरोबर नाही.
येताना ट्रॅक्टरमध्ये सगळे तोंड फिरवून बसले. थकले असतील.

२३ नोव्हेंबर
पेपरात आलं. ‘रस्त्याला तांड्याचा पाठिंबा.’ खाली माझं नाव, बरोबर छापलेलं.
बादल पेपर घेऊन आला. मला वाटलं खूश असेल. म्हणाला, मी तुले माही बाजू मांडाले सांगतली होती, जिंकवाले नाही. ठेकेदार ड्रायव्हर बाहेरूनच आणून राह्यला म्हणे.
संकल्प: यवतमाळला जाऊन चूक दुरुस्त करणे. सोपं आहे.

२६ नोव्हेंबर
यवतमाळ. बसनं गेले, दोन्ही वेळा मध्ये कुठे न उतरता. कलेक्टर ऑफिसातले बाबू म्हणाले, हरकती सुनावणीपर्यंतच घेतो. मी सांगितलं, माझी हरकतच होती. त्यांनी सुनावणीच्या नोंदीचा कागद काढून वाचला आणि म्हणाले, मॅडम, समर्थनात तुमच्याएवढं चांगलं कोणीच बोललं नाही. वर जाऊन मोठ्या साहेबांना भेटा. साहेब दौऱ्यावर. थांबले. शिपायानं चारला कुलूप लावलं.

२ डिसेंबर, रविवार
नायकांकडे गेले, माफी मागायला. ते बाजेवर बसले होते. म्हणाले, तुह्याकडं काय चूक? बोलाले मीच लावली ना. मी म्हटलं, तुम्ही तरी उठायचं होतं. ते म्हणाले, मी उठलो असतो तर मंग माहा शब्द काय राह्यला वं. मग म्हणाले, आता घरी जाय, याडी वाट पाहत असन.
याडी वाट पाहत नव्हती. वेचणीला गेली होती.

१० डिसेंबर, सोमवार
मोजणीवाले आले. जीपमधून चुन्याची पोती, खुंट्या, लोखंडी टेप. उभ्या कापसातून सरळ गेले. त्यांच्यातला एक मला ओळखून नमस्कार करून म्हणाला, सुनावणीत ऐकलं तुम्हाला.
टेपचं दुसरं टोक धरायला माणूस कमी पडत होता. बादलनं पाठ फिरवली. बा म्हणाले, ते शिकलेली आहे, ते धरन.
टेपला झोल येऊ देऊ नका मॅडम, असं मोजणीवाले दोनदा म्हणाले. येऊ दिला नाही. माप चुकलं असतं तर ते बरोबर झालं नसतं.